दिल्या गावाविरुद्ध पैज नसते

बाबांनी माझ्यासाठी नागपूरचं स्थळ का पसंत केलं, याची आमच्या घरात दोन कारणं सांगितली जातात. आईच्या म्हणण्याप्रमाणे सीताबर्डीवर कपड्यांचं चालतं दुकान, सालस माणसं आणि नळाला पाणी. माझ्या मते खरं कारण निराळंच होतं. नागपूर शहराची बैलजोडी कुठल्याच पटात उतरत नाही, म्हणून मला नागपूरला दिली.

हे नीट समजायचं तर आमचा पट समजला पाहिजे. आमचं गाव काटोलच्या पुढे, संत्र्याच्या बागांमध्ये. हिवाळ्यात शेताची कामं जराशी हातावेगळी झाली की गावाबाहेरच्या पडीत शंकरपट भरतो, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. हलकी दोन चाकांची छकडी, तिच्यावर जीव मुठीत धरून बसलेला एक धुरकरी, आणि समोर सरळ आखलेली धाव. तिला दाण म्हणतात. दोन दाणी शेजारी-शेजारी, दोन जोड्या एकदम सुटतात, धुळीचा एक लोट इकडून तिकडे जातो आणि खेळ खलास. त्या चिमूटभर वेळेसाठी आमची माणसं आठवडाभर तहानभूक विसरतात. मध्ये बरीच वर्षं कोर्टाची बंदी होती. तेव्हा गावातले म्हातारे उगाच आजारी पडायचे. बंदी उठली, चाबूक गेला, डॉक्टरची तपासणी आली, आणि म्हातारे उठून बसले.

पट म्हटला की पैजा आल्याच. पण आमच्याकडे पैजेत पैसा चालत नाही. संत्री लावा, तूर लावा, फेटा लावा, खिशाला हात लावायचा नाही. हातावर टाळी दिली की पैज पक्की. जो हरेल त्यानं लावलेली वस्तू स्वतः जिंकणाऱ्याच्या दारी नेऊन पोचवायची, आणि तिथं जेवल्याशिवाय परतायचं नाही. ही झाली एक रीत. दुसरी तिच्याहून कडक. ज्या गावात आपली लेक किंवा बहीण दिली, त्या गावाच्या जोडीविरुद्ध पैज लावायची नाही. आपल्या लेकीचं सासर हरावं अशी इच्छा बापानं तोंडानं बोलून दाखवायची म्हणजे काय! ही रीत कोणी कोणाला शिकवत नाही. लेकीच्या बापाला ती आपोआप कळते.

बाबांच्या तीन बहिणींनी आसपासची तीन चांगली गावं आधीच बाद केली होती. चौथं माझ्यापायी जाऊ नये, एवढंच त्या माणसानं पाहिलं. मी तोंडावर तसं विचारलंही होतं. ते हसले आणि म्हणाले, ‘‘तुह्या गावात बैलच नाई वं, माहं काय जाते?’’ माझा संसार छान झाला, म्हणून मी हे हसत सांगू शकते.

बाबांचं हे वेड वारशात माझ्या दादाकडे आलं. दादाकडे आता बैल नाहीत, ट्रॅक्टर आहे. पण तोंड आहे, आणि पटात पैज लावणाऱ्याला तेवढं पुरतं. गावची जोडी आमच्या चुलतभावाची, ओरडणारा दादा. त्याचं सगळं वैर एकाच गावाशी. कळमेश्वरच्या अलीकडचं ते गाव, आणि तिथले एक गृहस्थ, दादाच्याच वयाचे, शांत, पांढरी टोपी, पिळदार मिशा. त्यांच्या घरची जोडी म्हणजे वारं. दादा दर वर्षी त्या जोडीविरुद्ध संत्र्याच्या क्रेटची पैज लावायचा, ते तुरीचं पोतं लावायचे, आणि दर वर्षी दादा हरायचा. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात तसा प्रकार. दुसऱ्या दिवशी गाडीत क्रेट भरून हा त्यांच्या दारी. तिथं पाटवडीचा रस्सा, भरली वांगी, वर तूप. हरल्याच्या जेवणाला चव नसते असं दादा जाताना म्हणायचा आणि आल्यावर दोन दिवस त्या रश्शाचं वर्णन करायचा.

त्याची जन्माची इच्छा एकच. त्या माणसानं एकदा, फक्त एकदा, तुरीचं पोतं गाडीत टाकून आपल्या दारी यावं आणि आपल्या ओसरीवर बसून जेवावं. वहिनीनं त्यासाठी वेगळी ताटं घेऊन ठेवली होती, असं मी म्हटलं तर ती रागावते. पण घेतली होती.

आता यात माझी भाची कशी आली ते सांगते. दादाची एकुलती एक लेक, कॉम्प्युटरचं शिकली, नागपुरात नोकरीला लागली आणि माझ्याकडेच राहते. दादाला डोळ्यांमुळे लांबची गाडी चालवायला डॉक्टरनं मना केलं, तेव्हापासून हरलेली संत्री पोचवायला हीच त्याला घेऊन जायची. त्या घरी एक मुलगा होता. कळमेश्वरच्या एमआयडीसीत इंजिनिअर, आईला पोळ्या लाटायला मदत करणारा. दर वर्षी दादा हरला, दर वर्षी ही तिथं जेवली. पुढचं सांगायला नको. दादा एक वर्ष जरी जिंकला असता ना, तर हे लग्न जमलंच नसतं.

पोरीनं आधी मला सांगितलं, मी वहिनीला, वहिनीनं दादाला. आम्हाला वाटलं आता घरात आग लागणार. कसली आग! दादा म्हणाला, ‘‘पोरगा चांगला हाय. घर चांगलं हाय. रस्सा तं मी स्वतः खाल्ला.’’ आणि मग जो गप्प झाला तो झाला. साखरपुड्याची तारीख काढू म्हटलं की बागेत जायचा. महिना गेला, दुसरा गेला. शेवटी तो काही कामानं नागपूरला आला तेव्हा मी त्याला दुकानाच्या मागच्या खोलीत बसवलं, चहा समोर ठेवला आणि दार लावून घेतलं. माझा स्वभाव तापट आहे हे दादाला माहीत आहे. त्यानं चहाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं.

‘‘सांग आता,’’ मी म्हटलं. ‘‘घोडं कुठं अडलंय?’’

‘‘कुठं काय?’’

‘‘दादा, पोरगी रोज माझ्या घरी जेवत नाही नीट. तुले पोरगा पसंत, घर पसंत. मग काहून असा तोंड पाडून फिरून राहिला?’’

त्यानं बशीत चहा ओतला, प्यायला नाही. मग लहान पोराच्या आवाजात म्हणाला, ‘‘ते गाव जाते ना वं माहं.’’

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि मी इतकी हसले की दुकानातून माझा नवरा काय झालं पाहायला आला. हा माणूस पोरीच्या लग्नाला नाही म्हणत नव्हता. पोरगी दिली की त्या गावाविरुद्ध पुन्हा जन्मात पैज लावता येणार नाही, याचं दुःख करत होता. ‘‘एकदाही जिंकलो नाई,’’ तो म्हणाला. ‘‘एकदा तं येऊ दे त्याले माह्या दारी. हा एक पट होऊ दे. मंग तू म्हणशीन तो दिवस.’’

हसायला ठीक होतं. पण घरी आल्यावर भाचीनं ऐकलं आणि तिचे डोळे भरले. ती म्हणाली, ‘‘आत्या, बोलणं सुरू असताना बाबांनी त्यांच्याविरुद्ध पैज लावली, तर लोक काय समजतील? पोरगी तिथं द्यायची नाही, असंच ना?’’ आणि हे खरं होतं. आमच्याकडे ते तसंच समजलं जातं. त्या घरचे शांत असले तरी त्यांच्या गावाला तोंड होतंच. दादाची एक टाळी आणि ठरत आलेलं लग्न मोडायला वेळ लागणार नव्हता. बरं, दादाला पैज लावू नको म्हणावं तर तो ऐकेल, पण जन्मभर मनात धरून बसेल. मी त्याला ओळखते. लहानपणी माझ्या वाटणीचा एक लाडू मी खाल्ला, तो त्याचा होता असं तो अजून म्हणतो.

पोरगी हुशार. दोन दिवसांनी मोबाइल घेऊन माझ्याजवळ आली. कुठल्यातरी परदेशात घोड्यांच्या शर्यतीत संघ पाडतात म्हणे. घोडे कोणाचेही असोत, जॉकी संघात वाटलेले, रंगीत कपडे, पहिला आला तर इतके गुण, चौथा आला तर इतके, आणि शेवटी बेरीज. ‘‘आत्या, आपण पटात हेच करू. वेगवेगळ्या गावच्या जोड्या चिठ्ठ्या टाकून चार संघांत वाटू. मग गाव उरणारच नाही. बाबांना पैज लावायची तर संघाविरुद्ध लावतील. रीतही मोडत नाही, पैजही राहते.’’

बापाचा खेळ वाचावा म्हणून पोरीनं पटाचे नियमच बदलायला काढले होते. मला ती कल्पना इतकी आवडली की मी लगेच म्हटलं, टी-शर्ट आमच्या दुकानाकडून.

गावची पट समिती आता पोरांच्या हातात आहे आणि पोरं क्रिकेटवर वाढलेली. ती तर उड्याच मारायला लागली. दादाला सांगितलं तेव्हा तो आधी दहा शंका काढत बसला, मग त्याचा चेहरा उजळला. ‘‘म्हणजे पोरगी देल्यावरबी?’’ त्यानं विचारलं. ‘‘देल्यावरबी,’’ भाची म्हणाली. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि वहिनीला म्हणाला, ‘‘पाहा, शिकवलं त्याचं चीज झालं.’’

अडचण आली ती रंगांची. दुकानदार म्हणून सांगते, नागपुरात चार रंग निवडण्याएवढं अवघड काम नाही. भगवा काढला तर एक पार्टी, निळा काढला तर दुसरी, हिरव्याचं तर नावच नको, आणि निवडणूक तोंडावर. समितीच्या पोरांनी फोन करून करून माझं डोकं खाल्लं. शेवटी मी माझ्या माळ्यावरचा पडून राहिलेला माल काढला. गुलाबी, राखाडी, जांभळा आणि बिस्किटी. या रंगांवर कोणाचा हक्क नव्हता. माळाही रिकामा झाला आणि लोकशाहीही वाचली.

पटाच्या दिवशी सकाळी मी गावात पोचले तेव्हा जे दृश्य पाहिलं ते मरेपर्यंत विसरणार नाही. धोतरावर गुलाबी टी-शर्ट घातलेले म्हातारे. छकडीला जांभळ्या फिती. एका बैलाच्या शिंगांना कोणी बिस्किटी फडकं बांधलं होतं आणि तो बैल त्याच्याकडे तिरप्या डोळ्यांनी पाहत होता. दादा राखाडी. त्याच्या संघात चिठ्ठीनं आमच्या गावची जोडी आली होती. आणि त्या गावची वाऱ्यासारखी जोडी, ज्यांच्याविरुद्ध त्याला लावायचं होतं, ती जांभळ्यात. दादाला आणखी काय हवं! मिशांवर हात फिरवत तो पैज लावणाऱ्यांच्या घोळक्याकडे गेला. आमच्या पटात बाभळीखाली ती एक ठरलेली जागा आहे, तिथं नेहमी असा गलका असतो की बायका पोरांना तिकडून नेत नाहीत.

त्या दिवशी तिथं शांतता होती. वीस-पंचवीस माणसं एकमेकांकडे पाहत बसलेली.

दादानं आवाज दिला, ‘‘बोला गा! जांभळ्याविरुद्ध कोण लावते?’’

एक म्हातारा म्हणाला, ‘‘जांभळ्यात माह्या लेकीचं गाव हाय.’’

‘‘मंग जांभळ्याकडून लाव. गुलाबी हरते म्हण.’’

‘‘गुलाबीत बहीण हाय ना बाप्पा.’’

दुसरा म्हणाला, ‘‘माही एक पोरगी राखाडीत, दुसरी बिस्किटीत.’’ तिसऱ्यानं तर चारही संघांत कोणी ना कोणी दिलेली होती. त्याची चार लेकरं, सगळ्या पोरी. तो कपाळाला हात लावून बसला होता. मुलाच्या वडिलांचीही एक बहीण राखाडीतल्याच एका गावात दिलेली, म्हणून तेही हात मागे बांधून उभे.

तेव्हा आमच्या लक्षात आलं. पोरीनं कॉम्प्युटरवर सगळं मांडलं होतं, पण एक गोष्ट धरलीच नव्हती. आपल्या बापाला एका गावातून सोडवायला तिनं गावं मिसळली, आणि गावं मिसळली म्हणजे लेकी मिसळल्या. या पंचक्रोशीत कोणाची लेक कुठं नाही? पूर्वी माणसाला एक-दोन गावं वर्ज्य असायची, बाकी रान मोकळं. आता प्रत्येक संघात कोणाचं ना कोणाचं सासर. ज्यानं जिकडे तोंड करावं तिकडे सोयरा. परदेशातल्या घोड्यांना ही अडचण येत नसावी.

भाची गुणांच्या टेबलाशी बसली होती. मी जाऊन तिला सांगितलं. तिनं तोंडावर हात ठेवला आणि आधी हसली, मग घाबरली.

पट तर सुरू झाला. आणि खरं सांगायचं तर अगदीच वाया नव्हता. एका गरीब शेतकऱ्याची जोडी दर वर्षी शेवटून पहिली यायची, बिचारा मान खाली घालून बैल वळवायचा. या वेळी त्या जोडीला दोन गुण मिळाले आणि त्या दोन गुणांनी गुलाबी संघ वर चढला. पोरांनी त्या माणसाला खांद्यावर घेतलं. त्याला कळेचना हे काय चाललंय, पण तो हसत होता आणि वरूनच आपल्या बैलांना हाका मारत होता. एरवी एकमेकांच्या बैलांचा गूळ चोरणारे दोन मालक एका संघात आल्यामुळे एकमेकांच्या बैलांच्या पाठी चोळत होते. हे मी डोळ्यांनी पाहिलं, ऐकीव नाही. बैल पळवणाऱ्याला संघ मानवतो, हे मला त्या दिवशी कळलं. हरलेलाही कोणाचा तरी होऊन घरी जातो.

पण पैज लावणाऱ्याला नाही मानवत. त्याला काय लागतं? त्याला जोडी चालताना पाहायची असते. कोणता बैल खांदा चोरतो, कोणाची शेपटी कशी, धुरकऱ्याचा हात आज स्थिर आहे का. त्यावर तो आपली अक्कल पणाला लावतो. बेरजेची शेपटी कशी पाहणार? एक जोडी जिंकली, सगळे ओरडले, मग टेबलावरून कळलं की तरीही संघ दुसऱ्याच क्रमांकावर. पुढच्या वेळी जो तो ओरडायच्या आधी टेबलाकडे पाहायला लागला. ओरडण्याआधी विचार करावा लागला की पट संपला. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे पैजेला समोर माणूस लागतो. टाळी हातावर द्यायची असते, जांभळ्या रंगावर ती कशी देणार?

दुपारपर्यंत बिस्किटी संघ जिंकला. ढाल घ्यायला सहा गावचे सहा मालक पुढे आले, सहा जणांनी तिला सहा बाजूंनी धरलं आणि फोटोसाठी सहा जण सहा दिशांना पाहत उभे राहिले. टाळ्या झाल्या, रीतीप्रमाणे झाल्या. आणि बाभळीखालून कोणीतरी ओरडलं, ‘‘झाली ना शाळा? आता पट घ्या!’’

सगळं मैदान उठलं. ‘‘पट घ्या! पट घ्या!’’ माइकवरच्या पोरानं समितीकडे पाहिलं, समितीनं भाचीकडे. तिनं हसून हात जोडले. दोन दाणींवर दोन जोड्या, जुन्या रीतीनं, गावाविरुद्ध गाव. म्हाताऱ्यांनी गुलाबी टी-शर्ट डोक्यावरून काढून फेकले. बाभळीखाली एकदम असा गलका झाला की झाडावरचे बगळे उडाले. मीही हसत होते. माझ्याजवळ उभी वहिनी मात्र हसत नव्हती. तिनं माझा हात घट्ट धरला होता.

कारण शेवटची जोडी कोणाविरुद्ध लागणार हे सगळ्यांना माहीत होतं. आमचं गाव आणि ते गाव.

‘‘ताई,’’ वहिनी म्हणाली, ‘‘हे आता लावतीन पैज. आजच्या दिवस मोकळे हायेत ना ते. साखरपुडा कुठं झाला.’’

रीतीला धरून पाहिलं तर तो मोकळा होता. आणि त्याच्या जन्मातला तो शेवटचा मोकळा दिवस होता. त्यातून आमच्या चुलतभावाची जोडी त्या दिवशी अशी काही तयारीत होती की माझ्यासारख्या शहरातल्या बाईलाही दिसत होतं. अंग आवळून, कान पुढे करून उभी. आणि त्या गावची जोडी सकाळपासून संघासाठी तीनदा धावली होती, आमची एकदाच. या वेळी दादा जिंकणार होता. हे त्यालाही कळलं होतं. त्याच्या मानेची शीर मला लांबून दिसत होती.

मुलाचे वडील गर्दीतून शांतपणे त्याच्यासमोर आले. टोपी नीट केली. उजवा हात पुढे केला, तळवा वर.

‘‘बोला भाऊ,’’ ते म्हणाले. ‘‘माह्यं तुरीचं पोतं. तुमचं काय?’’

बाभळीखालची माणसं उठून जवळ आली. वहिनीनं डोळे मिटले. माइकवाल्या पोराला डोळ्यांसमोर मोठी पैज दिसली म्हणून तो माइक घेऊन तिथंच येऊन उभा राहिला, त्याला बाकी काही ठाऊक नव्हतं. मुलाचे वडील दादाकडे वाकून हळूच काही बोलले. दादानं नंतर सांगितलं ते काय बोलले. ते म्हणाले, ‘‘लावून टाका भाऊ. शेवटची हाय. मले राग नाई येनार, घरच्याईले मी सांगतो.’’ असा माणूस! दादाची आस त्यालाही ठाऊक होती आणि तो ती स्वतःहून पुरी करायला आला होता.

दादाचा हात वर गेला. मी पाहिला. टेबलाशी भाची उभी राहिली होती, राखाडी टी-शर्टमध्ये, चेहरा पांढराफटक. मी मनातल्या मनात दादाला जेवढ्या येतात तेवढ्या शिव्या दिल्या.

हात वरच राहिला थोडा वेळ. मग दुसरा हात वर आला. दादानं दोन्ही हात जोडले.

‘‘नाई भाऊ,’’ तो म्हणाला. ‘‘त्या गावाविरुद्ध मले पैज चालत नाई.’’

बाभळीखालून कोणीतरी ओरडलं, ‘‘काहून गा? आजवर तं चालली!’’

दादानं घसा साफ केला. माइक त्याच्या तोंडासमोरच होता, त्यामुळे तो जे बोलला ते मैदानाच्या त्या टोकापर्यंत, बैलांपर्यंत, चहाच्या टपरीपर्यंत सगळ्यांनी ऐकलं.

‘‘पोरगी देऊन राहिलो तिथं.’’

सगळं मैदान ओरडलं. टोप्या उडाल्या, गुलाबी टी-शर्ट उडाले, डफडं वाजवणाऱ्यानं कोणी न सांगता डफडं सुरू केलं. माझ्या आयुष्यात मी बरीच लग्नं जमताना पाहिली. ताटात सुपारी, मधे मध्यस्थ, पाहुण्यांचे पोहे. पण बापानं भर पटात आपलं सुख बाजूला ठेवून पोरीचं लग्न जाहीर करावं, असं मी पाहिलं नव्हतं. भाची टेबलावरून उडी मारून धावत आली आणि दादाच्या गळ्यात पडली. मी रडत होते, वहिनी रडत होती, आणि मुलाचे वडील टोपीनं डोळे पुसत होते.

एवढ्यात झेंडी पडली.

आम्ही सगळे वळलो तोवर दोन्ही जोड्या सुटल्या होत्या. धूळ, धुरकऱ्यांच्या आरोळ्या, आणि त्या धुळीतून आमच्या गावची जोडी अर्ध्या छकडीनं पुढे निघाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दादा सगळं विसरला. पोरीला बाजूला सारून तो दाणीच्या कडेनं पळाला, एका पायातली चप्पल मागेच राहिली, आणि जोडीनं टोक ओलांडलं तेव्हा त्यानं हवेत उडी मारली. साठीच्या माणसानं! मग उडीवरून खाली आला आणि त्याच्या लक्षात आलं. जिंकलो, पण पैज नव्हती.

तो एका पायात चप्पल घालून परत आला. चेहरा हसरा आणि रडवा दोन्ही. माझ्याजवळ येऊन म्हणाला, ‘‘आज जिंकलो असतो वं.’’

‘‘जिंकलेच ना,’’ मागून मुलाचे वडील म्हणाले. त्यांच्या हातात दादाची दुसरी चप्पल होती. ती त्यांनी वाकून त्याच्या पायाशी ठेवली. मुलाचा बाप लेकीच्या बापापुढे वाकला, हे पाहून दादा दोन पावलं मागे सरकला. ‘‘टाळी नसली म्हणून काय झालं? तुरीचं पोतं ठरलेलं होतं. कवा घेऊन येऊ सांगा.’’

दादानं त्यांना दोन्ही हातांनी उभं केलं आणि मिठीच मारली. त्याच्या आवाजात मी लहानपणापासून ऐकलेला तो पटाचा दम परत आला होता.

‘‘पोतं घरी राहू द्या,’’ तो म्हणाला. ‘‘वऱ्हाड घेऊन या. अन् जेवल्याबिगर एकालेबी जाऊ देनार नाई.’’